पट्टीवरची पाच बोटं

बाबांच्या पोटात डायलिसिसची नळी आहे. तिच्याजवळची त्वचा दोनदा पिकली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता पुन्हा जंतू शिरले तर नळी काढावी लागेल. मग डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा हॉस्पिटल!" मग काय, मीच कंबर कसली. आत्याला खोलीत बंदी, मांजराला तर घरातच बंदी.

"फौजदारीणबाई, मी तरी आत राहू ना?" बाबांनी विचारलं.

आज नर्सताई आल्या. "जंतू सगळ्यांच्याच हातांवर असतात. ते जातात कुठे, ते बघू," म्हणत त्यांनी सगळ्यांच्या तळव्यांना कसलीशी पावडर चोळली आणि तासभर नेहमीसारखं वागायला सांगितलं.

"आत्याच सापडणार, लावा पैज!" मी म्हटलं.

तासाने त्यांनी पडदे ओढून ती पावडर चमकवणारा निळा दिवा लावला. आत्याची बोटं टीव्हीच्या रिमोटवर चमकली, बाबांची चष्म्यावर. आणि नळीजवळच्या पट्टीवर चक्क पाच बारीक बोटं!

"हिला हात कुणी लावला?" ताईंनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

 

"अहो ताई, कुणी हात लावत नाही ना, हे मी दर दहा मिनिटांनी पट्टी उचलून बघत होते!"