सैल कडी

पांढरा अंगरखा, टोपी, मुखपट्टी. बिनधुळीच्या त्या दालनात माणसाचे फक्त डोळे दिसत. म्हातारे कुरातोमी आज तिथे शेवटच्यांदा उभे होते. मेमरी चिप उकडलेल्या अंड्याहून स्वस्त झाली, आणि त्या भावात विकणं समुद्रापलीकडच्या कोरियन कंपनीलाच परवडलं. तीच आता या बुडालेल्या जपानी कारखान्याची यंत्रं विकत घेत होती.

"घर बुडवलं ते बुडवलं, वर भांडीही न्यायला आले," शेजारचा हामासाकी पुटपुटला. अकरा वर्षं तो कुरातोमींच्या हाताखाली शिकला होता. "आपल्यातलेच काही शनिवार-रविवारी तिकडे जाऊन शिकवून यायचे म्हणे. एक जरी सापडला ना मास्तर, तर विचारीन, माझ्या पोरींच्या ताटातलं तिकडे का वाढलंस?"

कुरातोमींनी मुखपट्टी नाकावर जरा वर ओढली.

यंत्रं तपासायला आलेला तरुण हान भट्टीसमोर उभा राहिला. बोट रोखून खणखणीत आवाजात म्हणाला, "दार बंद, ठीक! दाब, ठीक!" असं पुकारून तपासायची रीत तर इथलीच. पण मग त्यानं डाव्या हातानं दाराच्या कडीवर दोनदा टकटक केलं.

हामासाकीनं झटकन मान वळवली. अख्ख्या कारखान्यात असं एकच माणूस करायचं.

"हे कशासाठी?" त्यानं हानला विचारलं.

हान ओशाळला. मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाला, "कारण ठाऊक नाही. आमच्या गुरूंना त्यांच्या जपानी गुरूंनी शिकवलं. फार जीव लावून शिकवायचे म्हणे."

कारण कुरातोमींना ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी इथल्या एका भट्टीची कडी सैल होती, ठोकल्याशिवाय बसत नसे. ती भट्टी केव्हाच भंगारात गेली होती.

हामासाकी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिला. मग बाजूला सरकला.

"शेवटची भट्टी तुम्हीच बंद करा, कुरातोमीसान."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो 'मास्तर' म्हणाला नव्हता.

कुरातोमींनी खटका खाली ओढला. गुणगुण थांबली. त्यांनी बोट उचललं. "दार बंद, ठीक. दाब, ठीक." डावा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"आजोबा, एक राहिलं," हान अदबीनं म्हणाला, आणि पुढे होऊन त्यानंच दोनदा टकटक केलं.