कानांची परीक्षा

‘ऐकायला कमी येतं का?’ या प्रश्नापुढे मेहबूबनं स्वतःच्या आणि बायकोच्या, दोन्ही फॉर्मवर ठसठशीत अक्षरात ‘नाही’ लिहिलं आणि पेन खिशाला लावलं.

नाशिकच्या त्या तरणतलावाच्या काठावर अठरा माणसं असेच फॉर्म भरत बसली होती. टूर कंपनीचा नियम सरळ होता. लक्षद्वीपला सगळे जाणार, वाळूत लोळणार, शहाळी पिणार. पण मास्क लावून पाण्याखाली मात्र कंपनीचे प्रशिक्षक ओमसर पास करतील तेच उतरणार. बाकीच्यांनी होडीत बसून इतरांच्या चपला सांभाळायच्या. होडीतून मारलेली हाक पोचायला हवी, म्हणून कमी ऐकू येणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी कटणार होतं.

मेहबूब आणि मेहरुन्निसाला चपला सांभाळायच्या नव्हत्या. मालेगावात त्यांच्या कापड विणायच्या चार लूमच्या शेडमध्ये एका सूतवाल्यानं दिलेलं कॅलेंडर होतं, १९९६ सालचं. लक्षद्वीपचं निळंशार पाणी, तळाशी पोवळी आणि मधून चाललेले पिवळे मासे. वर्ष सरलं, तारखा फाटून गेल्या, चित्र मात्र अकरा वर्षं भिंतीवरच राहिलं. मेहरुन्निसा सुताच्या कांड्या भरताभरता ते बघायची. मेहबूब सूत आणायला नि माल पोचवायला सायकलवर गावभर हिंडायचा आणि परत आला की आज मासे काय म्हणतात, असं विचारून तिला छेडायचा. त्या बेटाचं स्वप्न खरं तर तिचंच होतं. पण छेडताछेडता त्यालाही त्याची ओढ लागली. म्हणून तर नाशिकला लेकीकडे, अरिबाकडे, महिनाभर मुक्काम ठोकून दोघं या वयात पोहायला शिकली होती.

अडचण आता एकच होती, कानांची. तशी डॉक्टरांनी दोघांच्याही कानांचे पडदे तपासून पाण्यात उतरायला हरकत नसल्याचं लिहून दिलं होतं. पण ओमसर पडदे नाही, ऐकू किती येतं ते बघणार होते. मेहबूबनं सकाळी चहा पितानाच सगळा बेत पक्का केला होता आणि त्याला कसलीच धाकधूक नव्हती.

ओम तिशीतला, उन्हानं रापलेला माणूस. फॉर्मवर मालेगाव वाचून त्यानं भुवई उचलली. “लूम आहेत का, चाचा?”

“काय म्हणालात?” मेहबूबनं कानाशी हात नेला.

ओमनं आवाज चढवून पुन्हा विचारलं. मग मेहबूबनं अगदी ऐटीत सांगितलं, की तीस वर्षं झाली, घरचे लूम आहेत. शेडमध्ये माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही, सगळे बोटांनीच बोलतात. ओमनं त्याच्या फॉर्मवर पेन्सिलीनं एक बारीक खूण केली. मेहबूबनं ती पाहिली आणि नजर दुसरीकडे वळवली.

तासभर सगळे पाण्यात होते. तोंडानं श्वास घ्या, मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाबरू नका, असं ओम पुन्हा पुन्हा बजावत होता. एकदा त्यानं काठावरून शिट्टी फुंकली, तसे सगळे वळले. मेहबूब मात्र भलतीकडेच बघत राहिला आणि त्याच्यापाशी मेहरुन्निसाही तशीच थांबली. बाई नवऱ्याला सोडून काही हलत नाही, असं कोणीतरी कौतुकानं म्हणालं.

मग पाण्याखालचे इशारे झाले. वर चला, थांबा, माझ्याकडे बघा. लोकांचा नुसता गोंधळ उडाला. एका बँकेतल्या साहेबांनी मजेत अंगठा दाखवला आणि ओमनं त्यांना लगेच वर नेलं, कारण पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’ असा असतो. मेहरुन्निसाचा एकही इशारा चुकला नाही. ओमचा हात पुरता हलायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

काठावर आल्यावर ओमनं तिला शाबासकी दिली. तिनं मेहबूबकडे पाहिलं. तो टॉवेलानं बोटं पुसत होता.

“शुक्रिया, सर,” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की चार माणसं वळली. ओमला वाईट वाटलं. बिचारीला नवऱ्यापायी मोठ्यानं बोलायची सवय लागली असणार.

“चाचा, जरा तिकडे जाऊन भिंतीकडे तोंड करा,” तो म्हणाला.

मेहबूब पंधरा पावलं चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. ओमनं हलक्या आवाजात एकेक आकडा म्हणायला सुरुवात केली आणि मेहबूब तो परत सांगू लागला. सत्तावीस. एकेचाळीस. शेवटचा तर त्यानं जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हटला.

“एकोणनव्वद,” मेहबूब भिंतीकडे बघतच म्हणाला. “आणि सर, तुमच्या मागे नळ ठिबकतोय.”

सगळे हसले. ओमही हसला. “मग मघापासून कानाला हात कशाला लावत होतात?”

“आमच्याकडची सवय, सर. लूमवाला दोनदा विचारल्याशिवाय उत्तर देत नाय.”

ओमनं पेन्सिलीची खूण खोडली आणि दोन्ही फॉर्मवर सही ठोकली. चाचींना काय तपासायचं, त्या तर माझ्याहून तयार आहेत, असं म्हणून त्यानं कागद मेहरुन्निसाच्या हातात दिले. “आणि चाची, जरा हळू बोललात तरी चालेल. चाचांचे कान चांगले तिखट आहेत.”

मेहरुन्निसा मान डोलावून छान हसली.

दोघं बाहेर बसथांब्याजवळ आली. लासलगावकडून आलेला कांद्याचा ट्रक अगदी मेहरुन्निसाच्या पाठीशी येऊन कर्कश हॉर्न देऊ लागला. थांब्यावरची माणसं दचकून मागे सरली. मेहरुन्निसा मात्र कागदावरच्या सहीवरून बोट फिरवत जागच्या जागी उभी होती. मेहबूबनं तिला दंडाला धरून बाजूला ओढलं, तिच्यासमोर उभा राहिला आणि ओमसर सकाळपासून काय काय म्हणाले ते पहिल्यापासून तिला बोटांनी सांगू लागला.