अर्ध्या नळ्या

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी फर्मिन तिकोना हा सणाच्या दिवशी चौकात बासरी वाजवत नाचता नाचता कोसळला. ओठ निळे पडले होते. मागच्या रांगेत नाचणाऱ्या त्याच्या पुतणीने, निएवेसने, चौघांच्या मदतीने त्याला दवाखान्यात आणलं.

पाव तासात तो उठून बसला. नर्स बासिलियाने घड्याळ धरून मोजलं.

"मिनिटाला सोळा श्वास. बसल्या जागी काही दोष नाही, काका. पण डोंगरावर, या उंचीवर नाचायचं तर दुपटीहून जास्त लागतात. तुम्ही घेतच नव्हता."

"सवड कुठे मिळाली," फर्मिन म्हणाला.

निएवेसला ते कळलं. सिकू ही नळ्यांची बासरी दोघांत वाटलेली असते. सहा नळ्या तिच्या बापाकडे, सात काकाकडे. एक सूर याचा, पुढचा त्याचा. एक फुंकतो तेवढ्यात दुसरा छाती भरून घेतो. एकतीस वर्षं काकाची छाती भावाच्या सुरावर भरत आली होती. गेल्या मे महिन्यात त्या भावाला, तिच्या बापाला, झेनोनला, खाणीच्या खोकल्याने नेलं. काका अजून त्याच्या सुरापुरती जागा सोडत होता, आणि तेवढा वेळ श्वास धरून ऐकत राहत होता.

"बाबांच्या नळ्या मी वाजवते. नाहीतर संध्याकाळच्या फेरीत तुम्ही मराल."

"तुझी फुंक चहा निववायला ठीक आहे."

"मग शिव्या द्या. पण श्वास घ्या."

अंगणात दोघं नाचू लागली. नर्सचा तळहात फर्मिनच्या पाठीवर होता. निएवेस फुंके, पाठ भरे. मग तो फुंके. मिनिटाला चौतीस, छत्तीस.

चौथ्या मिनिटाला निएवेसलाच दम लागला. तिने नळ्या खाली घेतल्या. काका मधली जागा सोडत वाजवतच होता; त्याला थांबवायला तिने हात पुढे केला.

"राहू दे," नर्स हळूच म्हणाली. "पाठ भरतेय. अगदी वेळेवर."

फर्मिनचे डोळे मिटलेले होते. गत संपल्यावर तो उजवीकडे वळला. निएवेस डावीकडे उभी होती.

"आज खोकला नाहीस," तो म्हणाला.

साडेपाचला फेरी निघाली. निएवेसला त्याने मागच्या रांगेत धाडलं आणि उजवीकडची भावाची जागा कुणाला दिली नाही. सव्वासहाला फेरीतली माणसं कबरस्तानाचा चढ चढताना दिसली. तेव्हाही फर्मिन आपल्या पायांवर नाचत होता.