तळ मोडल्यावर

"हे काय चाललंय?" तिने टेबलावरचा आलेखाचा कागद खसकन ओढला. खोडरबराचा चुरा सगळीकडे उडाला.

"काही नाही गं, जरा दुरुस्ती," नवरा म्हणाला.

दुरुस्ती! काल संध्याकाळी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या शेअरची रेघ आधीच्या तळाच्या खाली घसरली होती. आता तिथे नुसता मळका डाग होता आणि त्याच्यावरून नवी रेघ ऐटीत वर चालली होती.

रोज बाजार बंद झाला की तो ही रेघ काढायचा. भाव आदल्या दिवसाच्या वर गेला तर रेघ वर, खाली गेला तर खाली. रेघ जिथून पुन्हा वर वळते तो तळ. शेवटचा तळ मोडला की चढती संपली, डोळे मिटून विकायचं. हा नियम त्यानेच तिला शिकवला होता, तोही अशा रुबाबात, जणू बाजार याच्या वडिलांनीच वसवलाय! त्या नियमाच्या भरवशावर तिने शिवणकामाची सगळी कमाई या शेअरात घालू दिली. तिला स्वतःचं दुकान टाकायचं होतं. गाळ्याचा मालक या आठवड्यापुरताच थांबणार होता.

"तळ मोडलाय. विक."

"एका दिवसाच्या आलेखावर मोडलाय. म्हणून मी दोन दिवसांचा केला. सलग दोन दिवस भाव पडला तरच रेघ खाली न्यायची. बघ, यात काहीच बिघडलेलं नाही."

"आणि उद्याही पडला तर?"

"तर तीन दिवसांचा करू!" तो हसला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलतोस? लाज कशी वाटत नाही रे? मान मोडेपर्यंत मशीन चालवलंय मी!"

"ओरडू नकोस. धीर धर जरा, येईल वर."

तिने फोन उचलला. खातं तिच्या नावावर होतं, पण पासवर्ड टाकून तिथे जायची वेळ आजवर आली नव्हती. बाजार नुकताच उघडला होता. तिने होते नव्हते ते सगळे शेअर विकून टाकले. चांगलाच फटका बसला, पण गाळ्यापुरतं जेमतेम वाचलं.

नवऱ्याने थोडा वेळ तोंड पाडलं. मग नेहमीसारखा मवाळ झाला. "बरं बाई, तुझंच खरं. यापुढे कानाला खडा. चहा टाकू?"

नोकरी सुटल्याचं लपवलं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. तिची सही मारून कर्ज काढलं, तेव्हाही हेच. तिने कपाटावरची बॅग खाली ओढली आणि कपडे कोंबायला लागली.

"अगं, विकलंस ना? मिटलं ना सगळं? अजून माझ्यावर कसला राग?"

"तुझ्यावर नाही, माझ्यावर," ती म्हणाली. "पहिल्यांदा खोटं बोललास तेव्हा मी म्हणाले होते, पुन्हा बोललास तर जाईन. पुन्हा बोललास, तर म्हटलं, वर्षभर बघू. मग म्हटलं, आणखी एक वर्ष. तळ केव्हाच मोडला होता रे. दिवस मीच वाढवत बसले."