घरीच आहे

“भिंगरीला तुम्ही घेऊन गेलात का हो?” वर्गाच्या बाई फोनवर विचारत होत्या. मागे पोरांचा कलकलाट चालला होता.

शिवणयंत्रावरचा मावशीचा पाय थांबला.

वर्गाची सहल होती. लांब कुठे नाही, घराच्या मागच्याच गल्लीत, आइस्क्रीमच्या कारखान्यात. शनिवारची अर्धी शाळा, म्हणून जवळच्या पोरांना घरच्यांनी कारखान्याच्या फाटकातूनच न्यायचं ठरलं होतं. मावशी निघणारच होती, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि बाहीची लांबी ठरवत बसलं.

गेली! आईकडे गेली पुन्हा!

भिंगरीची आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. तिचं पिणं सुटेना, म्हणून कोर्टाने पोर मावशीच्या हवाली केली होती. मागच्या वेळी भिंगरी शाळेतूनच परस्पर आईकडे पळाली, तेव्हा मावशीने नियमाप्रमाणे लगेच बालकल्याण कचेरीत कळवलं होतं. पोर तासाभरात मिळाली, पण वर ताकीदही मिळाली. पुन्हा असं झालं तर मुलीला बालगृहात ठेवावं लागेल. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

“हो हो, घरीच आहे,” मावशी म्हणाली. “मीच घेऊन आले. गडबडीत तुम्हाला सांगायचं राहिलं बघा.”

“बाई गं! जीव भांड्यात पडला माझा,” बाई हसल्या. “एक डोकं कमी भरत होतं. इथले लोक केव्हाचे खोळंबलेत माझ्यापायी. ठेवते हं.”

थाप इतकी सफाईने बाहेर पडली की मावशीला स्वतःचंच नवल वाटलं. तिने धाकटीला फोन लावला. बंद. मागच्या वेळीही पोर पोचल्यावर तिने फोन बंदच करून ठेवला होता. म्हणजे शंकाच नको. मावशीने मनातल्या मनात धाकटीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यात आपल्याही सात पिढ्या आल्या, हे तिच्या लक्षात आलं नाही.

मग राग उतरला. आईच आहे शेवटी. बसू दे घटकाभर. संध्याकाळी गुपचूप घेऊन येऊ, कुणाला पत्ता लागायचा नाही.

खुर्चीवर भिंगरीचा स्वेटर पडला होता. सहलीला स्वेटर आणा म्हणून बाईंनी बजावलं होतं, तरी टोचतो म्हणून ही भवानी तो टाकून गेली होती. मावशीने तो घडी करून पिशवीत घातला. येताना गारठा पडला तर लागेल.

दिवस कलताना ती चपला घालत होती, तर दारात कचेरीतल्या बाई उभ्या.

“इकडून चालले होते, म्हटलं डोकावावं. कुठाय आमची भिंगरी? लपून बसली असेल!”

मागच्या खेपेला ती कपाटात लपली होती आणि या बाईंनी घर पालथं घातलं होतं.

“नाव घेऊन हाक मारल्याशिवाय बाहेर यायचीच नाही, हट्टी कुठली,” मावशी कसनुसं हसली. “आज नाही लपली. झोपलीय आत. सहलीने दमली.”

बाईंनी लगेच आवाज खाली आणला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मावशीने चहा टाकला.

“ही घरघर कसली?”

“मागचा कारखाना. माल गार राहायला यंत्र सतत चालू लागतं. आम्हाला आता ऐकूसुद्धा येत नाही.”

बाईंनी चहाचा घोट घेतला. “परवा एका आजोबांनी काय करावं? नातू सापडेना, तर दुपारभर कळवलंच नाही आम्हाला. पोर काढून घेतील म्हणून भितात हो माणसं. पण मूल नजरेआड झालं की आधी कळवायचं. कायदा काय तुम्हाला अडकवायला केलाय? चार माणसं शोधायला लागावीत म्हणून केलाय.”

“सापडला का?”

“सापडला. झाडावर बसला होता माकड.”

सांगून टाकावं, असं मावशीला फार फार वाटलं. तोंड उघडलंही तिने.

“तुमची गोष्ट वेगळी,” बाई म्हणाल्या. “मागच्या वेळी लगेच कळवलंत ना, ते माझ्या लक्षात आहे. भिंगरी कायमची तुमच्याकडेच द्यावी, असं लिहितेय मी आता.”

मावशीने तोंड मिटलं. डोळे मात्र भरून आले. हीच तर एक गोष्ट तिने आयुष्याकडे मागितली होती.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात धाकटी होती. केस नीट विंचरलेले, डोळे स्वच्छ. एकटीच.

“फोन बिघडलाय गं सकाळपासून. म्हटलं, समक्षच जाऊन यावं,” ती चाचरत म्हणाली. “घोट नाही घेतला हं, देवाशपथ. पाच मिनिटं भेटू दे मला. कुठाय माझी भिंगरी?”

कचेरीतल्या बाईंनी मावशीकडे पाहिलं. मग उठून आतलं दार ढकललं. पलंगावरच्या चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

“भिंगरी!” बाईंनी हाक मारली. कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं.

मावशीने फोन उचलला. वर्गाच्या बाईंना लावला.

“घरी नाही? अहो, काय बोलताय हे!” बाईंचा आवाज चिरकला. “कारखान्यातले लोक थंड खोलीला कुलूप लावत होते, तर मीच दारात आडवी उभी राहिले होते, एखादी पोर आत लपली असेल म्हणून. तुम्ही म्हणालात घरीच आहे, तेव्हा बाजूला झाले मी.”