ओ यायच्या आत

स्क्रीन काळी झाली आणि पुन्हा तीच ओळ उमटली : डिस्क सापडली नाही.

बळवंतरावांनी डाव्या हाताने बटण बंद केलं. उजवा हात मांडीवर पडून होता. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तो उचललाच जात नव्हता. जीभही तशीच जड. मनात वाक्य तयार असायचं, पण ते ओठांवर येईपर्यंत समोरचा माणूस उठून गेलेला असायचा. लिहिणं बंद झालं होतं. टाइप मात्र एका बोटाने करता आलं असतं. याच कॉम्प्युटरवर त्यांनी निम्म्या तारापूरच्या लग्नपत्रिका छपाईसाठी टाइप केल्या होत्या. आतली डिस्क बिघडली तेव्हा मुलाने, प्रीतमने, सगळं बाहेरून जोडायच्या एका डिस्कवर बसवून दिलं आणि तो नाशिकला गेला. आता तीही डिस्क गेली, असं बळवंतराव धरून चालले होते.

शेजारची पारू जेवणाचा डबा घेऊन आली. तिनेच बोईसरच्या स्वातीला फोन लावला. स्वाती कॉम्प्युटर दुरुस्त करायची.

“रोज त्याच्यापुढं बसून असतात गं,” पारू म्हणाली. “बोलत तं कोणाशीच नाय.”

स्वाती आली. तिने मशीन सुरू केलं आणि डिस्कवर हात ठेवला. स्क्रीनवर ती ओळ आल्यानंतर कुठे डिस्क घरघरायला लागली.

“डिस्क चांगली आहे, काका. उशिरा जागी होते, इतकंच. कॉम्प्युटर हाक मारतो आणि ओ यायच्या आत नाही म्हणून मोकळा होतो.” तिने सेटिंगमध्ये जाऊन थांबण्याची वेळ वाढवली. “आता थांबेल तो.”

मशीन थांबलं. मग सुरू झालं.

बळवंतरावांनी लगेच कीबोर्ड ओढला. स्वाती पिशवी आवरत होती. ‘प्रीतम, मी’ एवढं उमटलं आणि फोन वाजला. त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

“बाबा, जेवलात ना? गोळ्या घेतल्या ना?” प्रीतम भराभर बोलत होता. “परत तेच विचारतो. इकडे राहायला येताय का? हो असेल तर नुसतं हं म्हणा.”

बळवंतरावांचे ओठ हलले.

“कळलं. घर सुटत नाही तुमच्याने. दर वेळी असेच गप्प बसता. आता नाही विचारणार मी, बाबा. ठेवतो.”

स्वातीने झडप घालून फोन उचलला. “ठेवू नका! काका बोलतायत.”

“कोण तुम्ही? मला तर काहीच ऐकू येत नाहीये.”

“येईल. थोडं थांबा.”

तिने फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. बाहेर रिक्षा थांबली, माणसं उतरली, रिक्षा निघून गेली. बळवंतरावांच्या मानेच्या शिरा ताणल्या. आधी नुसता श्वास आला. पलीकडे प्रीतमने फोन ठेवला नव्हता.

“ने,” बळवंतराव म्हणाले. “ने मला. इथं… कोण नाय.”