भिवराबाईंचा अंगठा

"ठशातला स्पर्श एकदाच उठतो, मग शाई मुकी होते," दप्तरखान्यातल्या बाई म्हणाल्या. "दोघींपैकी कोण बसतंय?"

चार तालुक्यांची दप्तरं धुंडाळून रेवतीला पणजीची एवढीच खूण सापडली होती. शाळेच्या जुन्या रजिस्टरात, मुलीचं नाव घालताना भिवराबाईंनी उठवलेला अंगठा. ती मुलगी म्हणजे रेवतीची आजी अनसूया, आता नव्वदीची. नाव घातलं त्याच वर्षी आई गेली. आजीला तिचा चेहराही आठवत नव्हता.

रेवतीने आजीची खुर्ची पुढे सरकवली.

"आजी, अंगठा पुसा हं. काल एकांना पणजोबांऐवजी लोणचंच लागलं," बाई म्हणाल्या.

"मग बरंच झालं त्यांचं," म्हणत आजीने पदराला अंगठा पुसला आणि ठशावरच्या काचेवर टेकवला.

काच कोमट झाली.

"कशी आहे गं?" रेवतीने हळूच विचारलं.

"विळ्याचा वण आहे. खरखरीत आहे. पण केवढासा अंगठा गं हा, आणि थरथरतोय." आजीचा आवाज खाली आला. "ही तर तुझ्याहून लहान पोर आहे."

आयुष्यभर आईच्या हातासाठी आसुसलेल्या आजीने आपला सुरकुतलेला अंगठा त्या अंगठ्यावरून फिरवला, तापल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. काच गार होत चालली, तशी ती घाईने म्हणाली,

"घाबरू नकोस, पोरी. जिचं नाव घालतेयस ना, ती ह्याच शाळेत शिकवायला लागली."